पैशाचं विचारणारी मामी

आईबाप नसलेल्या मुलांसाठी घर शोधायचं आमचं काम, तिथे नवीन लागलेल्या पोरापोरींना मी एक सांगते. नातेवाईक मूल न्यायला आला आणि पहिल्याच भेटीत म्हणाला, "आम्हाला काही नको हो मॅडम, देवाच्या दयेने सगळं आहे, दोन घास जास्त शिजवू," तर त्याच्या घरी एक चक्कर जास्त मारा. आणि जो विचारतो की पैसे किती मिळणार, कधीपासून मिळणार, कुठल्या खात्यात येणार, त्याचं नीट ऐकून घ्या. पोरं माझ्याकडे अशी बघतात की ही बाई कामाला कंटाळली वाटतं. मग मी त्यांना मामीची केस सांगते. इतक्यांदा सांगून झालीय की म्हटलं आता लिहूनच काढू.

नावं खरी नाहीत, खाणाखुणाही मुद्दाम इकडच्या तिकडे केल्यात. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा नसता तरी केलं नसतंच.

तर मुक्ता दहा वर्षांची आणि तिचा भाऊ बाबू साडेसहाचा. बाप कधीचाच निघून गेलेला, आई शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात गेली. शेजारणीने थोडे दिवस सांभाळलं, तिची स्वतःची तीन, मग कोणीतरी १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. अशा मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीसमोर उभं केलं आणि दोघांची दोन बालगृहं झाली, कारण मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं. यात कुणी वाईट वागलं असं नाही, रचनाच तशी आहे, पण आई गेल्यावर महिन्याभरात भाऊ पण नजरेआड म्हणजे त्या पोरीला काय वाटलं असेल. मी भेटायला गेले की ती स्वतःबद्दल काही बोलायचीच नाही. बाबू जेवला का, बाबूला कोण आंघोळ घालतं, बाबूच्या कानातून पाणी येतं ते डॉक्टरला सांगितलं का. मीच मुलाखत द्यायला बसल्यासारखी.

म्हणून यांना फॉस्टर केअरमध्ये एकत्र ठेवायचं यासाठी आम्ही मागे लागलो. आपल्याकडे लोकांना दत्तक माहीत असतं, हे माहीत नसतं. यात मूल दुसऱ्या कुटुंबात राहतं पण ते त्यांचं कायदेशीर मूल होत नाही, निर्णय समितीचाच, दर थोड्या दिवसांनी आढावा. २०१५ च्या त्याच बाल न्याय कायद्यात कलम ४४ मध्ये तरतूद आहे, २०१६ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०२४ मध्ये ती बदलली. आता एकटी व्यक्तीसुद्धा मूल सांभाळायला घेऊ शकते, आणि दत्तक द्यायला मोकळं असलेलं मूल त्या घरात दोन वर्षं राहिलं तर तेच कुटुंब दत्तकासाठी अर्ज करू शकतं, आधी पाच वर्षं थांबावं लागायचं. चांगला बदल आहे. सहा वर्षांच्या वरच्या पोरांना दत्तक घ्यायला फार कमी लोक येतात हो, रांगा सगळ्या लहान बाळासाठी.

भांडुपचे काका-काकू मिळाले. काकू रिटायर्ड शिक्षिका, स्वतःचा मुलगा पुण्यात नोकरीला. दीड-पावणेदोन वर्षं दोन्ही पोरं तिथे राहिली, बाबूचा कान बरा झाला, मुक्ता पाढे म्हणायला लागली, आणि काकूंच्या मनात दोन वर्षांचा तो हिशोब सुरू झाला होता हे मला दिसत होतं. मी त्यांना परत परत सांगायचे, काकू, नातेवाईक शोधायचं काम बंद झालेलं नाही. त्या मान हलवायच्या. पण ऐकत नव्हत्या.

आणि नातेवाईक सापडला तो मुक्तामुळेच. एकदा सहज बोलता बोलता म्हणाली, आई सांगायची, तिच्या घराच्या गॅलरीतून चिंतामणी गणपतीचं आगमन दिसायचं, गर्दी इतकी की खालचा रस्ता दिसायचा नाही. झालं, चिंचपोकळी! आईचं माहेरचं आडनाव हॉस्पिटलच्या जुन्या केसपेपरवर होतं. समितीची परवानगी घेतली आणि तिथल्या चाळींमध्ये फिरले, आता कशासाठी विचारतेय हे तर सांगता येत नाही, म्हणून जुन्या शाळेच्या कागदांचं काम आहे असं सांगत. एका छोट्या मंडळाच्या ऑफिसात कॅरम खेळत बसलेल्या एका आजोबांनी मान वरसुद्धा न करता सांगितलं, "ती पळून गेलेली ना? तिचा भाऊ दुसऱ्या माळ्यावर, जिन्याच्या बाजूची खोली." पोलिसांना जे सापडत नाही ते मंडळाला पाठ असतं.

मामाला बहीण गेल्याचं माहीतच नव्हतं. तो तिथेच दारात खाली बसला. मग रडला, मग म्हणाला आत्ताच्या आत्ता पोरांना घेऊन येतो, माझ्या बहिणीची लेकरं बाहेरच्यांकडे राहणार नाहीत, आम्हाला कुणाचा एक पैसा नको. आत खाटेवर त्याची आई बसलेली, पोरांची आजी. तिने एवढंच विचारलं, "बाप कुठला त्यांचा?" आणि मामी ओट्यापाशी उभी राहून डब्यांना रबर लावत होती. ती डबे करून देते, दहा-बारा गिऱ्हाईकं. तिने हात पुसले, माझ्यासमोर येऊन बसली आणि विचारलं, "सरकार महिन्याला काय देतं का दोन पोरांचं? दिलं तर किती?"

मामाचा चेहरा असा पडला! माझ्यासोबत आलेली ट्रेनी पण माझ्याकडे बघायला लागली. पण मामी थांबली नाही. रात्री दिवा लागतो का, धाकट्याला अंथरुणात होतं का, मोठीची पाळी सुरू झाली नसेल तर एक-दोन वर्षांत होईल, माझी मुलगी सातवीत आहे, दोघींना पोटमाळ्यावर झोपवीन, पण मग माझे डब्याचे टोप कुठे ठेवू. हे सगळं ती स्वतःशीच बोलत होती. खोली दहा बाय बाराची, मामा मॉलमध्ये हाऊसकीपिंगचा सुपरवायझर, पगार अठरा हजार. मला तेव्हाच कळलं की मामाने पोरं मनात घेतली आणि मामीने ती खरंच घरात आणून कुठे झोपवायची ते बघितलं.

पैशाचं मी तिला खरं ते सांगितलं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व आहे, एका मुलाला महिना चार हजार, पण शहरातल्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९६ हजारांच्या आत पाहिजे. म्हणजे महिना आठ हजार. मुंबईत महिना आठ हजारात कोण राहतं ते मला दाखवा, आणि राहत असेल तर तो अजून दोन पोरं कशी सांभाळेल ते पण सांगा. दुसरी आपल्या राज्याची बालसंगोपन योजना, सावित्रीबाईंच्या नावाची, तिच्यात महिना २२५० रुपये एका मुलाला, त्यासाठी अर्ज करू, पण पहिल्या महिन्यापासून हातात येतील असं धरू नका. मामी म्हणाली, "म्हणजे ते नाहीतच असं धरून चालायचं." मी म्हटलं, हो वहिनी.

मग काही रविवार पोरं भेटायला जाऊन आली, एक रात्र राहून आली, माझे रिपोर्ट झाले आणि सुनावणीचा दिवस आला.

बाहेरच्या बाकावर एका टोकाला भांडुपचे काका-काकू, दुसऱ्या टोकाला मामा-मामी, मध्ये पोरं. काकूंचे डोळे सुजलेले. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इतकी वर्षं कुठे होते गं हे? दहा बाय बारात पाच माणसं आधीच नाही का?" त्यांचं चुकीचं नव्हतं. काकूंकडे टू बीएचके, पोरीला टेबल, शिकवायला घरातच बाई. पण खोलीच्या मापावर मुलं द्यायला लागलो तर गरिबाच्या घरात कुणाचीच मुलं राहायला नकोत, आणि कायदा आधी कुटुंबाकडे बघायला सांगतो ते उगीच नाही. मी त्यांना हे बोलले नाही. त्या दिवशी ते ऐकायची त्यांची गरजही नव्हती.

आत गेलो. मामाने परत तेच, एक पैसा नको. मामीला विचारलं, तुमची इच्छा आहे ना? ती म्हणाली, "इच्छा आहे, पण दोन गोष्टी विचारायच्यात. ते बालसंगोपनचे पैसे पोरांच्या नावाने खात्यात येणार की आमच्या? आणि आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, ट्रान्झिट कॅम्पात कुठे टाकतील माहीत नाही, तर कागदावर पत्ता बदलला म्हणून पोरं परत काढून घेणार नाही ना?" एक सदस्य जरा चिडूनच म्हणाले, बाई, पैशाचं काय लावलंय, तुम्हाला मुलं हवीत की नकोत? मामी गप्प. मी उठून म्हटलं, सर, यांनी घरी पण हेच विचारलं होतं आणि माझ्या रिपोर्टमध्ये मी ते त्यांच्या बाजूने लिहिलंय. अध्यक्ष मॅडमनी पान उलटून वाचलं आणि मामीला दोन्ही प्रश्नांची व्यवस्थित उत्तरं दिली. पत्ता बदलला की कळवायचं, बस.

मग मुक्ताशी एकटीशी बोलणं झालं. ते आत काय झालं ते मी लिहिणार नाही, पण शेवटी ती म्हणाली की मला मामीसमोर एक सांगायचंय. मामीला बोलावलं. आणि ही एवढीशी पोर, दोन वेण्या, काकूंनी इस्त्री केलेला फ्रॉक, सरळ तिच्याकडे बघून म्हणाली, "मी तुमच्याकडे येते. पण मला ओरडताना आमच्या आईचं नाव घ्यायचं नाही."

कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं आता मामी तिला जवळ घेईल, असं कसं बोलतेस बाळा वगैरे म्हणेल, शंभरातल्या नव्व्याण्णव बायकांनी तेच केलं असतं. मामीने थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "मी ओरडते. खोटं नाही सांगत, माझ्या पोरीला पण ओरडते. पण तुझ्या आईचं नाव घेणार नाही." थांबली. "आणि आजींना पण घेऊ देणार नाही." मामा दाराशी उभा होता, तो खाली बघायला लागला. मुक्ताने मान हलवली आणि बाबूची बॅग कुठेय ते विचारलं.

ऑर्डर झाली. बाहेर काकूंनी मामीला एक वही दिली, बाबूची औषधं, लसींच्या तारखा, काय खातो काय नाही, सगळं सुंदर अक्षरात. तोंडाने पण सांगत होत्या, "रात्री जेवला नाही तर दुधात पोळी कुस्करून द्या, लगेच खातो."

मामी म्हणाली, "रोज दूध नाही होणार आमच्याकडे."

काकू क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. आमटीत द्या मग. तिखट कमी."

"तिखट कमी," मामीने तेवढं मान डोलावून लक्षात ठेवलं. बास, एवढंच झालं दोघींमध्ये. काकूंना मी नंतर भेटत राहिले, त्या बरेच महिने माझ्याशी धड बोलत नव्हत्या. फॉस्टर कुटुंबाला आपण मुलं देतो तेव्हा केवढी तयारी करून घेतो, आणि मुलं परत घेताना त्यांच्या हातात काय देतो, तर ऑर्डरची झेरॉक्स. यावर आमच्या क्षेत्रात कुणी बोलत नाही. मुलगा पुण्याहून येऊन राहिला त्यांच्याकडे आठवडाभर, ते त्याने स्वतःहून केलं.

बालसंगोपनचा अर्ज केला, कागद कमी पडले, परत केला. बाबूची महापालिकेच्या शाळेत सोय झाली. मुक्ता आणि मामेबहीण माळ्यावर, डब्यांचे टोप मामीने शेजारणीच्या खोलीत ठेवायची व्यवस्था केली, त्याबदल्यात शेजारणीला रोज एक भाजी.

एका संध्याकाळी मामीचा फोन. "ताई, सासूबाईंनी घेतलं नाव. बाबूने पाणी सांडलं त्यावरून. मी भांडले, आता दोन दिवस त्या माझ्याशी बोलत नाहीत आणि हे पण मधल्या मधे तोंड पाडून बसलेत."

मी म्हटलं, मुक्ताला द्या फोन.

मुक्ता म्हणाली, "मामीने नाही घेतलं, आजीने घेतलं. मामी खूप भांडली." मी विचारलं, मग तुला तिथे राहायला चालेल ना? म्हणाली, "चालेल. पण तुमच्या रिपोर्टमध्ये लिहा."

लिहिलं. तारखेसकट.