साडेचारशे मीटर धावदोरा

आमची पहिली वाकळ, म्हणजे गोधडी, विकली गेली २०११ साली, घटस्थापनेच्या चार दिवस आधी, ६०० रुपयांना. विकायची म्हणून ती शिवलेलीच नव्हती. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. त्या दिवसांत कृष्णेच्या घाटावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. दगडांवर, कुंपणांवर, गच्च्यांवर, जिथं ऊन तिथं वाकळ. आमचं घर वाईहून पाचगणीला जाणाऱ्या रस्त्याला, पसरणी घाट सुरू व्हायच्या अलीकडे. अंगणाच्या कठड्यावर सासूबाईंची वाकळ वाळत होती. एक गाडी थांबली, मुंबईच्या बाई उतरल्या, वाकळीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही मिळेल का?"

सासूबाई म्हणाल्या, "पांघराया पायजे असंल तर न्या की. पैसं कसलं त्याचं?"

मी तेव्हा एका पतपेढीत हिशेबाला होते. मीच मध्ये पडून ६०० सांगितले. बाईंनी घासाघीस न करता मोजून दिले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तशीच दिली असती तर त्यांना चाललं असतं. विकली ते लागलं. वाकळीच्या मधोमध त्यांच्या आईचं इरकली लुगडं होतं.

पुढे वर्षभरात पतपेढी बंद पडली आणि त्या ६०० रुपयांची मला पुन्हा आठवण झाली. धंद्याची सुरुवात म्हणायची तर ती एवढीच.

पुण्या-मुंबईकडे गोधडी म्हणतात, आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात वाकळ. तान्ह्या बाळाचं असेल तर दुपटं. कृती सोपी वाटते. वर एक पातळ, खाली एक पातळ, मध्ये जुनेराचे थर आणि सगळ्यातून आरपार जाणारा धावदोरा. पाचवारी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पंचेचाळीस इंच रुंद असते. ती मधोमध कापायची आणि दोन्ही तुकडे शेजारी शेजारी जोडायचे की वाकळीची एक बाजू तयार. डबलबेडचं हल्लीचं माप यात जवळजवळ बरोबर बसतं, याचं मला अजून नवल वाटतं. म्हणजे दोन बाजूंना दोन पातळं, आत दोन. चार पातळांची एक वाकळ.

शिवायला मला येत नव्हतं. माहेरी मी शिकलेली मुलगी, त्यामुळे सुईपेक्षा पेन जास्त धरलेलं. शेजारच्या आक्का सत्तरीच्या होत्या. त्यांनी मला पहिल्या दिवशी फक्त बसायला शिकवलं. वाकळ सतरंजीवर ताणून पसरायची, कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे आणि स्वतः वाकळीवरच बसायचं, म्हणजे आपल्याच वजनानं कापड सरकत नाही. कडेपासून सुरू करून आत आत जायचं. डावा हात खाली, सुईचं टोक बोटाला लागलं की ती आरपार आली असं समजायचं. एका दमात सुईवर चार-पाच टाके भरायचे, मग ओढायचं. मी मोजत मोजत टाके घालायची. आक्का म्हणाल्या, "वैनी, मोजू नगा. मोजलं की हात अडकतुया." त्यांचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. माझा आजही तूरडाळीएवढा आहे, आणि म्हणून आमच्या दुकानात मी शिवत नाही, हिशेब बघते.

हिशेबाचंच सांगते, कारण कलाकुसरीच्या धंद्यात सगळे बाकी सगळ्यावर बोलतात. पहिली तीन वर्षं आम्ही एक वाकळ १२०० ते १५०० ला विकत होतो आणि खूश होतो. शिवणाऱ्या बाईला नगावर ५०० देत होतो. एका पावसाळ्यात काम नव्हतं म्हणून मी कागद घेऊन बसले. वाकळ अठ्ठ्याऐंशी इंच बाय शंभर इंच. टाक्याच्या दोन ओळींत अर्धा इंच. सगळ्या ओळी सरळ करून एकापुढे एक मांडल्या तर साडेचारशे मीटर होतात. मग आक्कांजवळ घड्याळ घेऊन बसले. एका वाकळीला पासष्ट तासांच्या आसपास. ५०० भागिले ६५. उत्तर तासाला आठ रुपयेसुद्धा येत नव्हतं. त्या काळात आमच्याकडे शेतात भांगलायला जाणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त मिळत होतं, वर दुपारचा चहा.

मजुरी वाढवायची हे ठरलं, पण कशावर? मला वाटलं दोऱ्यावर द्यावी. जितकी रिळं संपतील तितके पैसे, भांडणच नको. आक्का हसल्या. टाका लहान घाला की मोठा, ओळ तेवढीच, म्हणजे दोराही जवळजवळ तेवढाच लागणार. मग जी लांब लांब टाके टाकून पळत सुटेल तिचीच चैन. हिशेबनीस मी, आणि ही चूक काढली शाळेत न गेलेल्या बाईनं. शेवटी तासांवर आलो. प्रत्येकीची वही तिच्याचकडे असते, आपले तास तीच लिहिते. वही खोटी लिहिली जाईल असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. दोन वाकळा शेजारी ठेवल्या की कळतंच, त्यामुळे तशी वेळ आली नाही.

आज डबलबेडच्या वाकळीची किंमत ७५०० रुपये आहे. पासष्ट तास, तासाला ७५ रुपये म्हणजे ४८७५. आतलं मलमल, दोरा, धुलाई मिळून ७००. पॅकिंग, कुरिअर २५०. भाडं, वीज, प्रदर्शनातल्या स्टॉलचा खर्च यांचा वाटा ९००. माझं काम ७००. झाले ७४२५. वरचे ७५ सुई टोचलेल्या बोटाला. हा हिशेब मी छापून दुकानात लावला आहे. प्रदर्शनात कोणी "जुन्याच साड्या ना या, मग एवढे?" म्हणालं की मी वाद घालत नाही, कागदाकडे बोट दाखवते. निम्मे लोक वाचून निघून जातात. उरलेल्यांतले काही जण घेतात, आणि ते पुन्हा कधी घासाघीस करत नाहीत.

एक फटका मात्र सांगितलाच पाहिजे. एका शहरातल्या दुकानानं बारा वाकळा मागितल्या, "विकल्या की पैसे" या बोलीवर. त्यासाठी मी लाल खणाचं नवं कापड आणलं आणि प्रत्येक वाकळीला त्याची चौकट केली. सुंदर दिसत होत्या. पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्या मलमलीत उतरला. पाच परत आल्या. उरलेल्या सात विकल्या गेल्या म्हणतात, पण त्यांचे पैसे चौदा महिने फोन करून निम्मे हाती लागले. कापड मी मिठाच्या पाण्यात भिजवून घेतलं होतं, तेव्हा मिठानं रंग पक्का होतो या समजुतीवर माझा तरी विश्वास उरलेला नाही. आता कोणतंही कापड आलं की ओल्या पांढऱ्या फडक्यानं जोरात घासून बघतो, मग वेगळं धुतो, मग दुसऱ्यांदा धुतो. आणि उधारीवर माल ठेवत नाही. त्या पाच डागाळलेल्या वाकळांपैकी एक मी स्वतः वापरते. डाग आता इतके फिके झालेत की नक्षीच वाटते.

आता नक्षीचं. "तुम्हाला डिझाइन कुठून सुचतं?" हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा उत्तरही सोबत आणतो: पसरणी घाटातून खाली बघितलं की शेतं वाकळीसारखी दिसतात, तिथूनच ना? शेतं दिसतात खरी तशी. पण त्या घाटात मला एकही नक्षी सुचलेली नाही. वळणावर एसटी समोरून येत असते, जीव मुठीत धरून बसलेली असते मी.

सुरुवातीला मी पुस्तकं, फोनवरची चित्रं बघून कागदावर आखून द्यायची. परदेशी धर्तीचे तारे, षट्कोन. बायका इमानदारीत शिवायच्या आणि वाकळ मेल्यासारखी दिसायची. मग एकदा आक्कांनी नातवासाठी शिवलेली वाकळ पाहिली. मधला चौकोन त्यांच्या मालकांच्या धोतराचा. धोतर एका बाजूला विरलं होतं, तिथं हिरवं ठिगळ. एका बाजूला हिरवं आलं म्हणून तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूलाही हिरवं, पण तेवढं हिरवं शिल्लक नव्हतं, मग अर्धं हिरवं, अर्धं पोपटी. चारी कोपरे जरा जाड, तिकोनी ठिगळांचे, कारण वाकळ ओढली जाते ती कोपऱ्याला धरून. त्यात "सुचलेलं" असं काहीच नव्हतं. कापड जिथं संपलं तिथं नक्षी वळली होती. आमच्यापासून फार लांब नाही, उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी समाजातल्या, बायकाही अशाच वाकळा शिवतात आणि कोपऱ्यांवर 'फुला' नावाची तिकोनं लावतात. ती नसली तर वाकळ नागडी समजतात. हे मी पुष्कळ नंतर ऐकलं. आक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग? कोपरं उघडं कोण ठेवतं?"

तेव्हापासून मी आखणं बंद केलं. कापड आधी येतं. ते जमिनीवर पसरतो, एक रात्र तसंच राहू देतो, सकाळी जाता-येता जी ती एखादा तुकडा सरकवते. दुपारपर्यंत कोणी सरकवेनासं झालं की कच्चे टाके घालायचे.

२०२० साली प्रदर्शनं थांबली. आम्ही तीन महिने मास्क शिवले, त्यावर कसंबसं निभावलं. त्याच वर्षी कुरिअर सुरू झाल्यावर पार्सलं यायला लागली, आणि ती मी मागवलेली नव्हती. ठाणे, नाशिक, बंगळूर, एक तर अमेरिकेतून भावाच्या हस्ते. आत आईची पातळं. कपाट आवरायला बसलेल्या लेकीसुनांनी पाठवलेली. आज आमचं सत्तर टक्के काम हेच आहे: लोकांच्या घरातली कापडं त्यांनाच शिवून परत द्यायची. नवीन माल करून गिऱ्हाईक शोधत हिंडण्यापेक्षा हे बरं, कारण अर्धे पैसे आधी येतात आणि शिल्लक माल पडून राहत नाही. जागा तेवढी लागते. प्रत्येक घराचं गाठोडं वेगळं, चिठ्ठी आत आणि बाहेर दोन्हीकडे.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. आज ज्यांच्या आया गेल्या, त्या आयांनी उमेदीची वर्षं नायलॉन आणि पॉलिस्टरमध्ये काढली. धुवायला सोपं, वाळतं पटकन, इस्त्री नको. त्यांनी बरोबरच केलं. पण पॉलिस्टरच्या चार थरांतून सुई जात नाही, गेली तर करकरते, आणि ते पांघरूण घामाला चिकटतं. सुरुवातीला मी अशी पातळं परत पाठवायची. एका मुलीनं फोनवर विचारलं, "ताई, आईनं सुती नेसलं नाही यात तिचा काय दोष?" मला उत्तर देता आलं नाही. आता वर तुकड्यांत पॉलिस्टर, त्याच्यामध्ये सुती पट्ट्या, आत आणि खाली मलमल, असं करतो. टाका सुती पट्टीवरून चालतो, पॉलिस्टरवर फक्त कडेनं. पन्नाशीच्या बायकांना हे शिवायला अजिबात आवडत नाही, आणि तासही दहा-बारा जास्त लागतात. पैसे तेवढे जास्त घेतो.

आम्ही आता नऊ जणी आहोत. आक्का गेल्या वर्षापासून शिवत नाहीत, डोळ्यांना दिसत नाही. येऊन बसतात, टाका बोटानं चाचपून सांगतात कुणाचा आहे ते. तरुण मुली टिकत नाहीत. शिकतात, वाईत किंवा पाचगणीत हॉटेलात नोकरी लागली की जातात, आणि तिथल्या महिन्याच्या पगारापुढे माझ्या तासांच्या वहीचं काय चालणार? जुलै-ऑगस्टमध्ये वाकळ वाळत नाही, तेव्हा धुणं बंद, हातात फक्त दुपटी. या वर्षीची ऑर्डरची वही संक्रांतीपर्यंत भरली आहे.

सध्या सतरंजीवर आहे ती खाकी. वडील एसटीत कंडक्टर होते, लेकीनं त्यांचे सहा गणवेश पाठवलेत. जाड कापड, सगळ्यांच्या बोटांना भोकं पडली आहेत. उसवताना एका शर्टाच्या खिशात धुऊन धुऊन दगडासारखा झालेला कागदाचा गोळा निघाला. तिकिटं असावीत, उलगडत नाहीत. मी फोटो पाठवून विचारलं की गोळा पार्सलमध्ये वेगळा पाठवू, की खिसा वाकळीवर तसाच ठेवून त्यात परत घालून वरून शिवून टाकू. चार दिवस झाले, निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. बाकी सगळं शिवून झालंय. खिशाच्या भोवती तळहाताएवढी जागा सोडून ठेवली आहे, सुई दोऱ्यासकट तिथंच टोचलेली.