कड्यावर माणूस अडकला की पोलीस ठाण्यातला पहिला तास

हरिश्चंद्रगडावर कोणी हरवलं, तर तो कोणाच्या हद्दीत हरवला इथूनच पेच सुरू होतो. गड अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात. पाचनईकडून चढलेला माणूस राजूर पोलीस ठाण्याचा. खिरेश्वरहून टोलार खिंडीने निघालेला माणूस मात्र पुणे जिल्ह्यातून, जुन्नर तालुक्यातून आलेला. तिकडे ओतूर ठाणं. आणि कोकणकड्याच्या पोटातली नळीची वाट सुरू होते बेलपाड्याहून, ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात. तिथे टोकावडे ठाणं. कड्याचा माथा एका जिल्ह्यात, पायथा दुसऱ्या. अंधार पडायला तास उरलेला असताना तीन ठाण्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, तर तो तास तिथेच संपतो. म्हणून सरळ नियम ठेवावा: ज्या ठाण्याला पहिला फोन आला त्याने नोंद करून काम सुरू करायचं, बाकीच्या दोघांना कळवायचं आणि हद्दीचा निर्णय माणूस खाली आल्यावर घ्यायचा.

सह्याद्रीत दोर लावून दरीत उतरणारी माणसं बहुतेक वेळा स्वयंसेवक असतात. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स ही त्यातली ठळक नावं. नोकरी-धंदा सांभाळून ही मंडळी रात्री-अपरात्री निघतात. वेगवेगळ्या पथकांची सांगड घालायला महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे. पण कायद्याने जबाबदारी पोलिसांची आणि जिल्हा प्रशासनाची. ब्रिटनमध्ये डोंगरात अडकलेला माणूस ९९९ ला फोन करून आधी पोलीस मागतो, आणि स्वयंसेवक पथकाला पोलीसच बोलावतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हे काम काउंटीच्या शेरीफकडे असतं. आपल्याकडे उलटं घडतं. अडकलेल्याचा मित्र ओळखीच्या ट्रेकरला फोन करतो, तो व्हॉट्सॲपवर टाकतो, पथक निघतंही, आणि ठाण्याला दोन तासांनी कळतं.

हे बदलायला हवं. पथकाच्या समन्वयकाला फोन आला की त्याने निघायच्या आधी ठाण्याला कळवावं आणि स्टेशन डायरीत नोंद झाली का, हे विचारून घ्यावं. हा कागदी सोपस्कार नाही. मोबाइल कंपनीकडून लोकेशन फक्त पोलीस मागवू शकतात. पायथ्याला १०८ ची रुग्णवाहिका उभी करणं, वनविभागाचं गेट उघडून घेणं, शेजारच्या जिल्ह्याशी बोलणं हे सगळं त्यांच्या एका फोनवर होतं. शिवाय शोधात एखादा स्वयंसेवकच जखमी झाला, तर तो तिथे पोलिसांच्या माहितीने गेला होता, याला तीच नोंद पुरावा ठरते.

११२ ला फोन करताना एक लक्षात ठेवावं. हा फोन तुमच्या तालुक्यात वाजत नाही. तो राज्याच्या केंद्रात जातो आणि तिथून जिल्ह्याकडे वळवला जातो. ‘आम्ही नळीच्या वाटेत आहोत’ एवढ्यावर तिथल्या माणसाला काहीच उमगत नाही. जिल्हा, तालुका, पायथ्याचं गाव, मग वाटेचं नाव, याच क्रमाने सांगावं.

लोकेशनवरून सर्वांत जास्त वेळ वाया जातो. टॉवर लोकेशन म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. त्यातून कळतं ते एवढंच, की फोन या टॉवरच्या या बाजूला होता. डोंगरात हा पट्टा कित्येक किलोमीटरचा असू शकतो. त्यात घाटमाथ्याची खोड वेगळी. कड्याच्या टोकावरून कोकणातला टॉवर थेट दिसतो, त्यामुळे माथ्यावरचा फोन खालच्या जिल्ह्यातला टॉवर पकडू शकतो. मग ठाण्यात बसलेला अंमलदार प्रामाणिकपणे सांगतो की माणूस मुरबाडला आहे, आणि पथक कड्याखाली हिंडत राहतं. टॉवरचं नाव हातात आलं की पहिला प्रश्न हा विचारावा: या टॉवरला डोंगराचा कोणता उतार थेट दिसतो? त्याचं उत्तर स्थानिक स्वयंसेवक नकाशावर बोट ठेवून देऊ शकतो. सायबर सेलमध्ये बसून ते देता येत नाही.

अडकलेल्याशी बोलणं होत असेल तर त्याच्याकडूनच अक्षांश-रेखांश घ्यावेत, तेही एसएमएसने. आवाज पोचत नाही तिथून एसएमएस कधी कधी निघतो. आकडे मात्र जसेच्या तसे पुढे पाठवावेत. १९.३९ अंश हे कोणी १९ अंश ३९ मिनिटं असं वाचलं, तर ठिकाण सुमारे २९ किलोमीटर उत्तरेला सरकतं. हरिश्चंद्रगड शोधायला निघालेलं पथक कळसूबाईच्या पलीकडे पोचेल. ठाण्यात, पथकात आणि जिल्हा नियंत्रण कक्षात एकच पद्धत ठेवावी: दशांश अंश, बिंदूनंतर पाच आकडे. आणि एकदा लोकेशन मिळालं की अडकलेल्याला फोन करणाऱ्यांची संख्या एकवर आणावी. दहा नातेवाईक, पाच पत्रकार आणि तीन पथकं आलटून पालटून विचारपूस करतात आणि त्याची बॅटरी संपते.

माहिती काढण्यात पोलिसांचा हात धरणारं कोणी नाही, आणि स्वयंसेवकांनी ते त्यांच्यावरच सोडावं. सोबतच्या मित्रांना वेगवेगळं बसवून विचारलं की चित्र स्पष्ट होतं: शेवटचं कोणी, कुठे, किती वाजता पाहिलं, बुटाचा तळ कसा, कपड्यांचा रंग कोणता, पाणी किती, टॉर्च आहे का, औषधं चालू आहेत का. घरी भांडण झालं होतं का, मन खचलेलं होतं का, हे विचारायला अवघड वाटतं, पण शोधाची दिशा त्यावरच फिरते. वाट चुकलेला माणूस ओढ्याने, ढोरवाटेने खाली उतरायला बघतो. जीव द्यायला निघालेला माणूस बहुधा लांब जात नाही आणि हाकेला ओ देत नाही. पहिल्यासाठी घळी आणि नाळा आधी पाहाव्यात, दुसऱ्यासाठी कड्याची कड आणि जवळपासची झाडी.

घाई किती, याचा अंदाज गणितानेच येतो. ताशी २ किलोमीटरने चालणारा माणूस एका तासात २ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकतो, म्हणजे साधारण साडेबारा चौरस किलोमीटर. तीन तासांनी तेच वर्तुळ ११३ चौरस किलोमीटरचं होतं. कडे आणि दऱ्या त्यातला बराच भाग छाटून टाकतात, तो कसा छाटायचा हे गावातल्या माणसाला ठाऊक असतं. म्हणून पोलीस पाटलाला पहिल्या पंधरा मिनिटांत फोन जायला हवा. महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्यांमधली गुराखी पोरं ज्या वाटा रोज तुडवतात, त्या कुठल्याही ॲपवर नाहीत. गावकरी मदतीला आले की त्यांची नावंही नोंदवहीत घ्यावीत, त्यांनाही टॉर्च आणि हेल्मेट द्यावं. बातमीत ‘स्थानिकांच्या मदतीने’ या दोन शब्दांत त्यांना गुंडाळलं जातं, याचं वाईट वाटतं.

पहिली तुकडी तीन-चार जणांची, हलकी, वेगवान: पाणी, प्रथमोपचार, टॉर्च, एक दोर. ती थेट शेवटच्या खात्रीच्या ठिकाणी जाते. बाकीच्यांनी पायथ्याला थांबायचं, आणि हेच सर्वांना जड जातं. सगळी माणसं वर गेली आणि जखमी सापडला, तर स्ट्रेचर उचलायला ताजे हात उरत नाहीत. खडकाळ उतरणीवर स्ट्रेचरला एका वेळी सहा ते आठ जण लागतात आणि दर काही मिनिटांनी खांदेपालट करावी लागते. लांब वाटेला अठरा ते चोवीस माणसं हवीत. अशा वाटेवर तासाला एक किलोमीटर सरकलं तरी वेग बरा म्हणायचा.

पायथ्याला दोघांनीच सूत्रं धरावीत, एक पोलीस अधिकारी आणि एक पथक-समन्वयक, शेजारी शेजारी. कोण वर गेलं, किती वाजता, कोणत्या वाटेने, कधी परतणार, हे एकाच वहीत लिहिलं जावं. पोलिसांचा वायरलेस आणि पथकाचे वॉकीटॉकी एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे दोन्ही संच एकाच टेबलावर ठेवावेत. दरीत उतरलेल्यांचा आवाज पायथ्याला येत नाही. समोरच्या सोंडेवर एक माणूस फक्त निरोप पोचवायला बसवावा. पाहिलेली जागा ‘पाहिली’ म्हणून खोडू नये. एका फेरीत माणूस दिसण्याची शक्यता ५० टक्के असेल, तर तेवढ्याच नीट केलेल्या दुसऱ्या फेरीनंतर ती ७५ होते, शंभर नाही. धुक्यात आणि पावसाळी गवतात पहिली फेरी ५० टक्केही नसते.

माणूस मृत सापडला तर कामाचा स्वभाव बदलतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली अकस्मात मृत्यूची चौकशी होते, जागेचा पंचनामा होतो. पण दोनशे फुटांच्या दरीत अंमलदार आणि पंच उतरू शकत नाहीत. अशा वेळी तपासी अंमलदाराची स्पष्ट परवानगी वायरलेसवर घेऊन, मृतदेह हलवण्याआधी चारही बाजूंनी आणि दुरून फोटो काढावेत. वस्तू कुठे पडल्या होत्या ते टिपावं, फोन आणि पाकीट वेगळ्या पिशवीत घालून थेट अंमलदाराच्या हाती द्यावं. हे फोटो पथकाच्या ग्रुपवरसुद्धा टाकू नयेत. घरच्यांना बातमी एकाच अधिकाऱ्याने समोर बसून सांगावी. त्यांना ती मोबाइलच्या पडद्यावरून कळणं हा अन्याय आहे.

मोठ्या आपत्तीत हीच घडी ताणली जाते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रं चढू शकत नव्हती, चिखल हातांनी, फावड्यांनी उपसावा लागला. पावसात चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. पायथ्याच्या नोंदवहीत नावाशेजारी ‘किती तास झोप झाली, दम लागतो का, कोणती गोळी चालू आहे’ असा रकाना असावा, आणि उत्तर पटलं नाही तर कितीही अनुभवी माणसाला खाली ठेवायचा अधिकार समन्वयकाला असावा.

एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. ती पोचेपर्यंतचे तास गावकरी आणि स्वयंसेवकांचेच असतात. म्हणून घाटमाथ्यावरच्या प्रत्येक ठाण्याने मे महिन्यातच स्थानिक पथकासोबत एक दिवस काढावा. हद्दीतल्या धोक्याच्या जागांचे दशांश अंशातले आकडे, प्रत्येक पायथ्याच्या पोलीस पाटलाचा चालू नंबर, स्ट्रेचर कुठे ठेवलंय, वनविभागाच्या गेटची चावी कोणाकडे, शेजारच्या ठाण्यात रात्रपाळीला कोण उचलतं, एवढं एका कागदावर लिहून ठाणे अंमलदाराच्या टेबलाच्या काचेखाली लावावं. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, कागद तिथेच राहतो. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यातला प्रत्येक नंबर लावून पाहावा.