टोचणार नाही अशी टाचणी

उशीर झाला की सांगायचं माझं एक पेटंट कारण आहे: ‘निघताना बटण तुटलं.’ ते इतकं जुनं झालंय की ऐकणारा माझ्याआधी वाक्य पुरं करतो. परवा मात्र बटण खरंच तुटलं. चप्पल पायात, एक हात कडीवर, आणि शर्टाचं मधलं बटण टपकन पडून, गडगडत कपाटाखाली गेलं. अशा वेळी सुई-दोरा काढून बसणारी माणसं वेगळी. मी आतल्या बाजूने सेफ्टी पिन लावली आणि बाहेर पडलो. उशीर झालाच, पण या वेळी कारण सांगायची लाज वाटली. खरं होतं ना!

रात्री शर्ट काढताना पिन हातात आली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याकडे नीट पाहिलं. एक तार. एका टोकाला अणकुची, दुसऱ्या टोकाला पत्र्याची टोपी, आणि मध्ये, तार जिथे मागे वळते तिथे, एक वेढा. सगळी करामत त्या वेढ्यात आहे. तो स्प्रिंगचं काम करतो, तारेला सतत उघडायची ओढ लावतो. आपण तिला दाबून टोपीखाली सारतो, ती बाहेर यायला धडपडत टोपीला आतून रेटत राहते आणि म्हणूनच जागची हलत नाही. म्हणजे पिन मिटलेली राहते ती तिला उघडायचं असतं म्हणून. वेढा न घालता तार नुसती दुमडून पाहा. चार वेळा उघडझाप केली की त्या दुमडीशीच मोडेल. वेढ्यात वाकण्याचा ताण लांबवर वाटला जातो.

या पिनेचं पेटंट न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट याला मिळालं, 10 एप्रिल 1849 रोजी, क्रमांक 6281. शीर्षक साधंच: कपड्यांची पिन. सोबतच्या चित्रात साध्या पिनेबरोबर तिची नटवी भावंडंही काढली आहेत. तारेच्या वळणांनी सजलेली, जणू हे दागिनेच आहेत. ही पिन लावताना बोटाला इजा होत नाही, असं त्याने मजकुरात आवर्जून नोंदवलं आहे. वाचताना वाटलं, साध्या टाचणीने याचं बोट नक्कीच बऱ्याचदा फोडलं असणार.

त्याच्यावर 15 डॉलरची उधारी होती आणि ती फेडण्याच्या विवंचनेत तार वाकवता वाकवता ही पिन झाली, असं सांगतात. हक्क त्याने 400 डॉलरला विकून टाकले. या हिशेबावर हळहळायची पद्धत आहे, मला मात्र त्याची दुसरी गोष्ट जास्त आवडते. 1830च्या दशकातच त्याने दोन दोऱ्यांनी टाका घालणारं शिवणयंत्र तयार केलं होतं, पण पेटंटसाठी तेव्हा अर्जच केला नाही. हातशिलाईवर पोट भरणाऱ्या बायकांचं काम जाईल म्हणून, असं म्हणतात. पुढे 1846 मध्ये इलायस हाऊने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, आणि हंटला फार उशिरा जाग आली. थोडक्यात काय, ज्याने शिवणाऱ्या यंत्राचा हक्क सोडला त्याने शिवायचा कंटाळा करणाऱ्यांच्या सोयीचा घेतला. माझ्यासारख्यांनी त्याचं ऋण मानायला हवं.

तेव्हापासून रात्री जुनी पेटंटं वाचायचा नाद लागलाय. भाषा थेट खरेदीखताची. सदरहू तार, सदरहू टोपी, सदरहू तारेचे सदरहू टोक सदरहू टोपीत. कुठे फट राहिली तर कोणी शिरेल या धास्तीने लिहिलेलं गद्य. त्यात मधूनच असं काही निघतं की झोप उडते. 1995 साली अमेरिकेत मांजराला व्यायाम देण्याच्या पद्धतीला पेटंट मिळालंय. जमिनीवर लेझरचा ठिपका पाडायचा, तो वेडावाकडा हलवायचा, मांजर मागे धावतं. संपलं. या क्षेत्रातल्या मुख्य जाणकाराला, म्हणजे मांजराला, कोणी विचारलं नसावं. 1891 सालचं सेथ व्हीलर याचं पेटंट आहे टॉयलेट पेपरच्या गुंडाळीचं. त्याच्या चित्रात कागदाचं टोक वरून पुढे आलेलं आहे, भिंतीकडे नाही. टोक पुढे की मागे यावरून घराघरांत वाद होतात, आणि त्यात हे चित्र पुरावा म्हणून पुढे केलं जातं.

हंटच्या पिनेनंतर बरोब्बर सहा आठवड्यांनी, 22 मे 1849 रोजी, 6469 क्रमांकाचं पेटंट निघालं. गाळात रुतणाऱ्या बोटींना बाजूने हवेच्या फुगणाऱ्या पिशव्या लावून वर उचलायचं. संशोधक अब्राहम लिंकन. पेटंट नावावर असलेला तो एकमेव अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. बोट कधी बनली नाही, तिचा लाकडी नमुना तेवढा स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पिन आणि बोट यांच्यामध्ये 187 पेटंटं आहेत. ती कसली असतील, हे एकदा सवडीने बघणार आहे.

काहींची वेळच चुकते. डब्यात अन्न टिकवण्याचं पेटंट पीटर ड्युरंडने इंग्लंडमध्ये 1810 साली घेतलं, आणि डबा उघडायचं हत्यार आलं 1850च्या दशकात. तोवर छिन्नी आणि हातोडी! उलट मेरी अँडरसनने 1903 सालीच गाडीची काच पुसणाऱ्या दांडीचं पेटंट घेतलं. आतून तरफ फिरवायची, बाहेर रबराची पट्टी काच पुसणार. तेव्हा गाड्याच मोजक्या. मुदत 17 वर्षांची होती. रस्ते गाड्यांनी भरले तोवर ती उलटून गेली होती.

मराठी परिभाषेत पेटंटला ‘एकस्व’ म्हणतात. नेमका शब्द आहे, पण तो सौद्याची एकच बाजू सांगतो, एकट्याच्या हक्काची. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘उघडं’. लाख लावून बंद न केलेलं, कोणालाही वाचता येईल असं राजाचं पत्र. तुझी युक्ती सगळ्यांसमोर उघडी करून सांग, मग ठरावीक वर्षं तुझी एकट्याची. हल्ली बहुतेक देशांत ती अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. त्यानंतर कोणीही वापरावी. हे वाचलं आणि पिन आठवली. उघडायची ओढ आणि वरून टोपी.

बोलण्यात मात्र आपण या शब्दाचं पार उलटं करून टाकलंय. कायद्याला पेटंट म्हणजे पूर्वी कुठेही नसलेलं हवं, आणि आपलं ‘पेटंट’ म्हणजे ऐकून ऐकून कान किटलेलं. पेटंट विनोद, पेटंट उत्तर, पेटंट बहाणा. हंटची पिन मला वाटतं दोन्ही अर्थांनी पेटंट आहे. एके काळी इतकी नवी की सरकारने क्रमांक दिला, आणि आज इतकी जुनी की ती कोणी तरी शोधून काढली असेल हेच डोक्यात येत नाही. तसं पाहिलं तर तिची मावशी ग्रीक-रोमन काळातही होती. वस्त्र खांद्यावर अडकवायला वेढ्याची काशाची पिन वापरत. पण ते असो.

बटण अजून कपाटाखालीच आहे. काल शर्टाला इस्त्री करताना पिन काढायची राहिली. आता कापडावर तिचा बारीक ठसा उमटलाय, टोपी, वेढा, अणकुची सगळं स्वच्छ. खाली ‘आकृती 1’ लिहायचं तेवढं बाकी.