अकरावी-बारावीला कथक घेतलं तेव्हा

"सोपा विषय घेतलास, मार्क पडतील," असं मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांतल्या कुणी आयुष्यात झपतालाची दुगुन, म्हणजे त्या तालाचे बोल दुप्पट वेगात, लिहिली नसणार.

सीबीएसईत अकरावी-बारावीला कथक हा पूर्ण विषय म्हणून घेता येतो. ७० गुण प्रात्यक्षिकाला, ३० लेखीला. मी आधीपासून क्लासला जात होते, त्यामुळे सत्तरांचं फारसं टेन्शन नव्हतं. तत्कार (पायांचं काम), चक्कर, तोडे (बोलांच्या छोट्या रचना) अंगात बसलेले. ताई बोल म्हणायच्या आणि पाय चालायचे. शाळेत मात्र तेच बोल वहीत उतरवायचे होते.

ताल लिहायची भातखंडे लिपी दिसायला अगदी साधी. समेला (तालाची पहिली मात्रा) फुली, खालीला (जिथे टाळी द्यायची नसते ती मात्रा) शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे, आणि एका मात्रेत जेवढे बोल बसतात त्यांच्याखाली एक कंस. ठाय, म्हणजे मूळ लयीतला तीनताल कुणीही लिहील. प्रश्न येतो तो असा: झपतालाची दुगुन एकाच आवर्तनात समेवर येईल अशी लिहा. दहा मात्रांचा ताल दुगुनीत पाच मात्रांत संपतो, म्हणून सुरुवात सहाव्या मात्रेपासून. धमाराच्या चौदा मात्रा, म्हणजे आठवीपासून. हे एकदा कळलं की कळलं, पण तोवर वहीची पानं नुसती खोडून भरतात.

मला खरी मजा आली ती तिहाईत, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायच्या तुकड्यात. नाचताना तिहाई 'येते' एवढंच ठाऊक होतं. लिहायला बसल्यावर तिचा हिशेब दिसला. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मधे एकेक मात्रेचा दम (थांबा), म्हणजे सतरा मात्रा. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून उचलली की बरोबर पुढच्या समेवर पडते. तीन मात्रांचा तुकडा बेदम, म्हणजे मधे न थांबता, घ्यायचा तर खालीवरून, म्हणजे नवव्या मात्रेवरून उचलायचा. मग आम्ही मैत्रिणी रिकाम्या तासाला स्वतःच्या तिहाया बांधायला लागलो. बऱ्याचशा भंगार होत्या, पण समेवर यायच्या! क्लासमध्ये इतकी वर्षं काढून हे कधी सुचलं नव्हतं.

बाकी थिअरी पाठांतराची. अभिनयदर्पण या ग्रंथातले २८ असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) आणि त्यांचे विनियोग (कशासाठी वापरायच्या ते), अभिनयाचे चार प्रकार, लखनौ-जयपूर-बनारस घराणी. घराण्यांवरची उत्तरं सगळ्यांचीच एकसारखी असतात. लखनौ म्हटलं की 'नजाकत' आणि जयपूर म्हटलं की 'तयारी' लिहायचं, सुटायचं. हस्त मात्र करून बघितले तरच राहतात. एकटा पताक ढगालाही चालतो, वनालाही, नदीलाही आणि रात्रीलाही. कुठला कधी, ते नजर आणि मनगट ठरवतात, आणि पेपरात नजर लिहिता येत नाही.

प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक आल्या. थाट, आमद, दोन तोडे आणि एक परण (पखवाजाच्या बोलांची रचना) नाचून झाल्यावर मला वाटलं, आता गतभाव (अभिनयातून सांगायची गोष्ट) विचारतील. त्या म्हणाल्या, "घुंगरू राहू देत. हीच परण हातावर टाळी देऊन म्हणून दाखव." इथे बऱ्याच जणी अडकल्या. शरीर हलत नसलं की बोल आठवत नाहीत, आणि आठवले तर खाली कुठे गेली ते कळत नाही. मला लिहिण्याची सवय झाली होती, त्यामुळे म्हणताना मात्रा डोळ्यांसमोर होत्या. चौगुनीत, म्हणजे चौपट वेगात, जीभ एकदा अडखळली, पण ताल सुटला नाही.

हा विषय घेणाऱ्या मुली मला विचारतात, की रियाज किती करायचा. नाचाचा रियाज तुमचे गुरू सांगतीलच. त्याशिवाय रोज थोडा वेळ घुंगरू न बांधता, मांडी घालून बसायचं, हातावर ताल धरायचा आणि त्या आठवड्यात शिकलेलं सगळं आधी ठायीत आणि मग दुगुनीत म्हणायचं. जिथे अडेल, तेवढंच लगेच वहीत लिहून काढायचं.