तीस प्रक्रिया आणि चौदा माणसे

अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा कंट्रोल पॅनल बनवण्याचा छोटा कारखाना आहे; वायरमन, ड्राफ्ट्समन, हिशेबनीस आणि मी धरून आम्ही चौदा जण. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या प्रीकूलिंग युनिटला आम्ही पॅनल दिले होते. बागेतून आलेला माल तिथे आधी 4 अंशांच्या आसपास आणतात आणि मग 0 ते 1 अंशात साठवतात. माल भरण्यापूर्वीच्या चाचणीत डिस्प्लेवर 6 अंश दिसत होते, खोलीतल्या थर्मामीटरचा पारा शून्यावर उतरला होता आणि कॉम्प्रेसर बंद व्हायचे नाव घेत नव्हता.

कारण सापडायला संध्याकाळ झाली. आमच्या ड्रॉइंगमध्ये तापमान मोजणाऱ्या पीटी-100 सेन्सरला तीन तारा धरल्या होत्या (तिसरी तार केबलचा स्वतःचा रोध वजा करण्यासाठी असते), तर खोली उभारणाऱ्या कंत्राटदाराने दोन कोअरची, म्हणजे आत दोनच तारा असलेली 30 मीटर केबल ओढून आमच्या तिसऱ्या टर्मिनलला तिथल्या तिथे तारेचा तुकडा जोडून दिला होता. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन 60 मीटरचा रोध सव्वादोन ओहमच्या घरात जातो आणि हा सेन्सर दर अंशाला 0.385 ओहम बदलतो; म्हणजे जवळजवळ 6 अंश एकट्या केबलने खाल्ले होते. आमचा जुना वायरमन म्हणाला, "साहेब, ड्रॉइंग आपलं बरोबर आहे आणि केबलही त्यांच्या परीने बरोबर आहे." तो खरेच बोलला, सांधा तेवढा कुणाचाच नव्हता.

अशा सांध्यांचा विचार करणाऱ्या शास्त्राला सिस्टिम्स इंजिनीअरिंग म्हणतात. 1940 च्या दशकात बेल प्रयोगशाळेत हे नाव वापरात आले आणि पुढे क्षेपणास्त्रे व अंतराळयाने बांधताना ते मोठे झाले. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक 15288 मी उघडले, तेव्हा त्यात तीस प्रक्रिया निघाल्या. ओझरच्या विमान कारखान्यात अशा कागदांशिवाय पान हलत नसेल. आमच्याकडे मात्र ते कागद लिहायला जो बसेल, तोच पॅनल टेस्ट करणारा माणूस असतो. पंचवीसपर्यंत माणसे असलेल्या संस्थांसाठी 29110 हे वेगळे मानक आहे आणि ते अधिक समजूतदार वाटले, तरी उत्साहाच्या भरात मी ग्राहकाची प्रत्येक गरज आणि तिची चाचणी यांची सांगड घालणारा मोठा तक्ता केलाच. तीन महिन्यांत तो उघडणारा मी एकटा उरलो, आणि मीही लाजेकाजेस्तवच उघडत होतो.

मग कागदाला एकच कसोटी लावली: तो भरणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला कामाच्या वेळी लागणार आहे का? या कसोटीला उतरलेली मुख्य गोष्ट म्हणजे सांध्यांचा ए-3 कागद. आमच्या पॅनलमधून बाहेर जाणारी किंवा बाहेरून आत येणारी प्रत्येक तार त्यावर एका ओळीत असते: सिग्नल कोणता, कोअर किती, केबल कोण देणार, ग्लँड (केबल पॅनलमध्ये शिरते तिथली पकड) कोण बसवणार, टर्मिनलला कोण जोडणार आणि जोडल्यावर कोण तपासणार. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय जॉबकार्ड, म्हणजे काम सुरू करण्याचा कागद, निघत नाही. सुरुवातीला एका कंत्राटदाराने कुरकुर केली, पण त्याच कागदामुळे तिसऱ्या कोअरचे पैसे कुणी द्यायचे हा वाद ऑर्डरच्या आधीच मिटला. चाचणीचेही आम्ही दोन भाग केले: टेस्ट बेंचवर पॅनल ड्रॉइंगप्रमाणे आहे का ते पाहतो आणि जागेवर सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवून डिस्प्ले शून्य दाखवतो का ते पाहतो. या दुसऱ्या चाचणीला अर्धा तास लागतो.

जुन्या ड्रॉइंगवर 'बाद' शिक्का मारण्याची शिस्त सहज रुळली. घोडे अडले आहे ते फोनवरून सांगितलेल्या बदलांपाशी. ग्राहक डिस्पॅचच्या आदल्या दिवशी "एक पंखा वाढवा" म्हणतो, आमचा ड्राफ्ट्समन हो म्हणतो आणि ए-3 कागदावर ती ओळ चढतच नाही. सध्या तो कागद त्याच्याच टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.