तुम्ही विचारलंत म्हणून: तो परत का आला?

माझ्या घरी चार माणसं जमली की मी हद्दपार झालेल्या जेम काराजा या गायकावरचा एक तुर्की सिनेमा लावते, हे आता ओळखीच्यांना पाठ झालंय. खाली इंग्रजी अक्षरं पळत असतात, मी मधेच थांबवून एखाद्या ओळीचा अर्थ सांगते. सिनेमा संपतो, चहा येतो आणि कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘सगळं ठीक आहे हो, पण शेवटी सरकारशी जुळवून घेऊन परतच आला ना तो? मग त्याचं एवढं कौतुक कशाला?’’

पुण्यातल्या मैत्रिणींनी विचारलं, माझ्या भाच्यानं विचारलं, एका निवृत्त प्राध्यापकांनी तर जरा रागानंच विचारलं. याचं उत्तर चहाच्या कपाएवढ्या वेळात देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

सिनेमाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘जेम काराजाचे अश्रू’. 2024 च्या जानेवारीत तो तुर्कस्तानात लागला. दिग्दर्शक युकसेल आकसू, आणि जेमच्या भूमिकेत इस्माईल हाजीओग्लू. नाव वाचताना एक लक्षात असू द्या, तुर्कीत इंग्रजी ‘सी’ हे अक्षर ‘ज’ म्हणून उच्चारतात. मी पहिली दोन वर्षं त्याला ‘सेम’ म्हणत होते.

ही दोन वर्षं जर्मनीतल्या कोलोनमधली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे बरीच वर्षं राहिलो. भेंडी, वांगी, कोथिंबीर, काबुली चणे, सगळं तुर्की दुकानात मिळायचं, आणि आमच्या दुकानदाराकडे एक कॅसेट प्लेअर होता. मी त्याला सगळ्यांसारखं ‘आबी’ म्हणायचे, म्हणजे दादा. एक गाणं तो पुन्हा पुन्हा लावायचा. आवाज भरदार, नाटकातल्या माणसासारखा, शब्द न शब्द दातांवर घासून बाहेर काढणारा. एकदा दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा त्यानं मोडक्या जर्मनमध्ये मला ते गाणं समजावलं.

गॅरेजमधला एक पोऱ्या. कादंबऱ्या वाचून डोक्यात स्वप्नं. एक श्रीमंत मुलगी गाडी दुरुस्तीला टाकते आणि हा प्रेमात पडतो. ती गाडी न्यायला येणार त्या दिवशी हा कामाचे कपडे बाजूला ठेवून नीटनेटका होऊन उभा राहतो. ती येते, याच्याकडे पाहून ‘हा कोण मवाली’ अशा अर्थाचं काही बोलते आणि निघून जाते. मग त्याचा उस्ताद पाठीवर हात ठेवून सांगतो, कादंबऱ्या विसर, तू कामगार आहेस, कामगारच राहा, चढव तो डगला. जेमचं हे गाणं 1975 चं. त्यात घोषणा एकही नाही. उस्तादाच्या त्या समजुतीच्या शब्दांत माया आहे की पराभव आहे, की वर्गाचा अभिमान आहे, हे मला आजही ठरवता येत नाही. आबीचे वडील पाहुणे कामगार म्हणून, म्हणजे जर्मनीनं कामासाठी बाहेरून बोलावलेल्यांत, आले होते. त्यांच्यासाठी हे गाणं म्हणजे घरातलीच गोष्ट होती.

जेम काराजाचा जन्म 1945 चा, इस्तंबूलचा. वडील मेहमेत काराजा मूळचे अझरबैजानी घराण्यातले, आई तोतो काराजा आर्मेनियन, दोघंही रंगभूमीवरचे. पोरगं विंगेतच वाढलं. रॉबर्ट कॉलेजसारख्या शाळेत शिकलं आणि एल्विसची गाणी म्हणू लागलं. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हतं. मग 1967 मध्ये ‘हुर्रियत’ या वर्तमानपत्राच्या ‘सोनेरी मायक्रोफोन’ स्पर्धेत आपाशलार या आपल्या बँडबरोबर तो दुसरा आला. ज्या गाण्यावर आला ते होतं एमराह या जुन्या लोककवीच्या शब्दांवरचं. पुढची सगळी वाट तिथून फुटली, कारण इलेक्ट्रिक गिटार आणि अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, खेड्यांतली कविता एकत्र नांदू शकते हे त्याला आणि त्याच्या पिढीला कळलं. याला तिकडे अनातोलियन रॉक म्हणतात.

इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण माझा जीव इथेच अडकला. अनातोलियात हातात साझ हे लांब दांडीचं तंतुवाद्य घेऊन गावोगाव गाणाऱ्या कवींची परंपरा आहे, त्यांना ‘आशिक’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातला त्यांतला एक दादालोग्लू. ऑटोमन सरकार भटक्या तुर्कमेन टोळ्यांना सक्तीनं एका जागी बसवत होतं, तेव्हा त्यानं जे म्हटलं ते जेमनं 1970 मध्ये गायलं. त्यातली एक ओळ आबीनं मला शब्द सुटे करून सांगितली आणि मी चमकले. त्यात ‘फेरमान’ होतं, ‘पादिशाह’ होता. अर्थ असा, की फर्मान पातशहाचं असेल, डोंगर आमचे आहेत. बखरी आणि पोवाडे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागते का? ‘‘म्हणजे आपल्या शाहिरांसारखा का?’’ असं बरेच जण विचारतात. शब्दांपुरतं हो. फरक एवढाच, की जेमच्या हातात डफ नव्हता, मागे ड्रम आणि गिटार होते आणि केस खांद्यापर्यंत.

सत्तरचं दशक तुर्कस्तानात रक्ताचं होतं. 1 मे 1977 ला इस्तंबूलच्या ताक्सिम चौकात कामगारांच्या सभेवर गोळीबार झाला, चेंगराचेंगरी झाली, 34 माणसं गेली. त्याच वर्षी जेमनं देर्विशान या बँडबरोबर ‘1 मे’ हे गीत ध्वनिमुद्रित केलं. चाल आणि शब्द सार्पेर ओझसान यांचे, काही वर्षं आधी अंकारात झालेल्या, जर्मन नाटककार ब्रेश्टच्या ‘आई’ या नाटकासाठी केलेले. त्या गीताचा पुढे खटला झाला.

1979 मध्ये तो पश्चिम जर्मनीला गेला. 1980 मध्ये वडील वारले. ज्या वडिलांना त्याचं गाणं पसंत नव्हतं, त्यांच्या अंत्यसंस्काराला तो पोचू शकला नाही. आणि 12 सप्टेंबर 1980 ला लष्करानं सत्ता हातात घेतली. त्या राजवटीत साडेसहा लाख माणसं पकडली गेली आणि चौदा हजारांचं नागरिकत्व गेलं, असे आकडे तिकडे नेहमी सांगितले जातात. बाहेर असलेल्यांना ‘परत या, खटल्याला उभे राहा’ म्हणून पुकारा झाला. जेम गेला नाही. 6 जानेवारी 1983 ला त्याचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं.

तुर्कीत नागरिकाला ‘वातानदाश’ म्हणतात. वातान म्हणजे आपलं वतन. आपल्याकडे वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण्याची जमीन, पिढीजात हक्क. तिकडे त्याचा अर्थ मायभूमी. पण ‘वतन गेलं’ हे दोन शब्द मराठी घरात जसे उच्चारले जायचे, काहीतरी मुळापासून उपटलं गेल्यासारखे, तसंच मला ते वाटलं. सरकारनं त्याचं वतन खालसा केलं.

जर्मनीत तो गप्प बसला नाही. तिथे तुर्कांना ज्या शब्दानं हिणवत, तो ‘कानाकन’ हाच शब्द त्यानं 1984 मध्ये आपल्या जर्मन गाण्यांच्या अल्बमच्या नावात घेतला. त्यातल्या एका गाण्याचा आशय असा, की यांनी कामगार बोलावले, आली मात्र माणसं. मूळ वाक्य स्विस लेखक माक्स फ्रिशचं. आबीच्या दुकानात काउंटरमागे हेच वाक्य हातानं लिहून चिकटवलेलं होतं.

सिनेमा मला आवडतो तो एका कारणासाठी. नावात मूठ किंवा झेंडा घेता आला असता, दिग्दर्शकानं अश्रू घेतले. ते 1968 च्या एका गाण्यातून आलेत, ‘चित्रातले अश्रू’. तेही कोलोनच्या फर्डी क्लाइन यांच्या वाद्यवृंदाबरोबर केलेलं, म्हणजे हद्दपारीच्या कितीतरी आधी त्याचा आवाज त्या शहरात पोचला होता. सिनेमाची नजर आई, वडील आणि मुलगा या तिघांवर जास्त आहे. सत्तरच्या दशकातलं राजकारण आणखी सविस्तर हवं होतं असं मलाही वाटतं. ज्याला ताक्सिमचा इतिहास ठाऊक नाही त्याला काही प्रसंगांचं वजनच कळत नाही, म्हणून तर मी मधेमधे थांबवते. पण घराच्या बाजूनं पाहिल्यामुळे एक गोष्ट स्पष्ट दिसते, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

1985 मध्ये म्युनिकला तो पंतप्रधान तुर्गुत ओझाल यांना भेटला आणि परत येऊ द्या म्हणाला. 29 जून 1987 ला तो इस्तंबूलला उतरला. काल ज्यांनी त्याची गाणी मोर्चांत म्हटली होती त्यांतलेच कितीतरी जण त्याला ‘दोनेक’ म्हणू लागले. दोनेक म्हणजे उलटलेला, आपण गद्दार म्हणू. (तुर्कीत ‘गद्दार’चा अर्थ निर्दय असा होतो. मला तो अर्थ इथे जास्त लागू वाटतो, म्हणणाऱ्यांना.)

आता न परतलेल्यांची आठवण करा. नाझिम हिकमत, तुर्कीचा सगळ्यांत मोठा आधुनिक कवी. 1951 मध्ये नागरिकत्व गेलं, 1963 मध्ये मॉस्कोत वारला. अनातोलियातल्या एखाद्या खेड्याच्या कबरस्तानात पुरा, डोक्याशी एक चिनार असला तर बरं, असं कवितेत लिहून ठेवलं होतं त्यानं. तो अजून मॉस्कोतच आहे. नागरिकत्व परत मिळालं ते 2009 मध्ये, मेल्यावर 46 वर्षांनी. यिलमाझ ग्युनेय, ज्याच्या सिनेमाला 1982 मध्ये कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, त्याचं नागरिकत्वही 1983 मध्येच गेलं आणि पुढच्या वर्षी तो पॅरिसमध्ये वारला. पुढे 1999 मध्ये गायक आहमेत काया एका पुरस्कार सोहळ्यात म्हणाला, की मी कुर्दी भाषेत गाणं करणार आहे. भर सोहळ्यात त्याच्या अंगावर काटे-चमचे फेकले गेले. त्यानं देश सोडला, 2000 मध्ये पॅरिसमध्येच वारला. ग्युनेय आणि काया, दोघंही पॅरिसच्या पेर लाशेझ कबरस्तानात आहेत. मी तिथे गेले आहे. तुर्की आणि कुर्दी माणसं अजून फुलं ठेवून जातात.

या तिघांना मी मानते. पण परदेशातलं मरण ही निष्ठेची परीक्षा आहे आणि जेम त्यात नापास झाला, हा हिशेब मला मान्य नाही. हद्दपारीतच त्यानं नाझिमची एक कविता गायली, ‘फार थकलोय, कप्तान, माझी वाट पाहू नकोस’ अशा अर्थाची. ती ऐकून मग बोला. आणि विकला गेला म्हणता, तर 1990 चा त्याचा अल्बम पाहा. ‘खा, साहेबहो, खा’ हे त्याचं नाव. तेवफिक फिक्रेत या तुर्की कवीनं 1912 मध्ये सत्तेतल्या लुटारूंवर लिहिलेली कविता आहे ती, आणि 1990 च्या तुर्कस्तानात ती कुणाला उद्देशून गायली जात होती हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. उपकाराखाली दबलेला माणूस हे गाणं निवडत नाही.

आता माझं. 2020 च्या एप्रिलमध्ये साताऱ्याला माझे वडील गेले. विमानं बंद होती. मी कोलोनच्या स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर सगळं पाहिलं, भावानं तिरडीला खांदा दिला तेव्हा चित्र हलत होतं. माझ्याकडे पासपोर्ट होता, कुणी माझं वतन काढून घेतलं नव्हतं, विमानं सुरू झाल्यावर मी आले. तरी तो दिवस अजून अंगात आहे. म्हणून सिनेमात वडिलांची बातमी येते तेव्हा मी काही समजावत नाही, थांबवतही नाही. त्याच्याकडे तर नंतर येण्याचीही वाट उरली नव्हती.

जेमच्या वडिलांचं असं झालं. आई मात्र होती. तोतो काराजा 1992 च्या मार्चमध्ये गेल्या. 1987 ते 1992, जवळजवळ पाच वर्षं मायलेकरं एका शहरात राहू शकली. जेम स्वतः 8 फेब्रुवारी 2004 ला गेला, वय 58. इस्तंबूलमधल्या उस्कुदारच्या काराजाआहमेत कबरस्तानात त्याला पुरलं. आबीला मी एकदा हाच प्रश्न विचारला होता, जो तुम्ही मला विचारता. तो भेंडी निवडत म्हणाला, ‘‘त्याची आई तिकडे होती.’’ आणि मला पिशवी दिली.

बऱ्याच जणांचा पुढचा प्रश्न असतो, सुरुवात कुठून करू? सिनेमा नंतर पाहा. आधी त्या गॅरेजच्या पोऱ्याचं गाणं शोधा, ‘तामिर्जी चिराई’ असं काहीसं ऐकू येईल. भाषा कळली नाही तरी चालेल. उस्ताद बोलायला लागतो तिथे आवाज खाली येतो, ते ऐका. मग दादालोग्लू. त्यात फर्मान आणि पातशहा तुमचे तुम्हालाच सापडतील.