सांडपाण्याच्या प्लँटवर

आज मावसभावाच्या ड्युटीवर त्याच्याबरोबर सांडपाण्याचा प्लँट बघून आलो. वासाचं म्हणाल तर आधी नाक दाबलं, मग विसरलोच.

पाणी आत येतं तिथं लोखंडी जाळी आहे. तिच्यात शांपूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं, देवाचे हार आणि एक अख्खी चड्डी. भाऊ म्हणतो, "गाव बघायचं तर इथं बघ की."

खरी गंमत हवेच्या टाकीत. तिथले जंतू घाण खातात, पण त्यांना हवा लागते, म्हणून ब्लोअर रात्रंदिवस सुरू. करंट गेला आणि जनरेटरला डिझेल नसलं की जंतू गुदमरतात, पुन्हा वाढायला कित्येक दिवस लागतात. त्यानं टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात भरून ठेवलं. अर्ध्या तासात चॉकलेटी गाळ खाली, वर नितळ पाणी. वैद्य नाडी बघतो तसं तो रोज हा गाळ बघतो.

हे सगळं कशाला, तर नदीसाठी. आपली मलप्रभा नदी बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीला उगम पावते, खानापूरवरून नविलुतीर्थ धरणात जाते आणि तिचंच पाणी हुबळी-धारवाड पितं. आंघोळीच्या नदीत बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. कच्च्या मैलापाण्यात तो सहज दीडशे-दोनशे असतो!

प्लँटच्या उद्घाटनाला फीत कापायला सगळे येतात, डिझेलच्या बिलावर सही करायला कोण येत नाही. हे माझं मत, भावाचं नव्हे. त्याला नोकरी करायचीय बाबा.

शाळेच्या पोरांना दाखवायला न्यायचं असेल तर सकाळी न्या. दुपारी ऊन तापलं की वास चढतो.